भोंग्यात मी ‘धरा’ म्हणालो होतो

या अंकाचे संपादक दर वर्षी गणपती उठले की मला फोन करतात. “शंकरराव, भोंग्याच्या गमती लिहून द्या.” दर वर्षी मी हो म्हणतो आणि लिहीत नाही. कधी डोळ्यांचं कारण सांगतो, कधी गुडघ्यांचं. खरं कारण असं की गमती माझ्यापाशी पुष्कळ आहेत, पण त्यातली कुठलीही सांगायला घेतली की ती फिरून फिरून एका संध्याकाळपाशी येते आणि तिथे माझी जीभ कोरडी पडते. जन्मभर गावात ओरडून ज्यानं पोट भरलं, त्याला एक वाक्य बोलायची भीती वाटते हे कोणाला सांगणार?

यंदा लिहितो आहे. आता या वयात भिण्यासारखं काय उरलं, असं म्हणून बसलो होतो. पण कागद पुढे ओढला आणि कळलं, भीती होती तेवढीच आहे. खालून एखादी गाडी भोंगा वाजवत गेली तरी मी अजून खिडकी लावून घेतो.

माझा धंदा अलाउन्सिंगचा. म्हणजे दवंडीचाच, फक्त हलगीच्या जागी भोंगा. चिखलीत कापडाचा सेल लागला, तंबूत सिनेमा आला, उद्या नळ येणार नाही, कोणाची म्हैस सुटली, निवडणुकीत कोणाला निवडून द्यायचं, हे सगळं मी सांगायचो. आणि मयत. आमच्याकडे भोंगा फिरल्याशिवाय माणूस गेल्यासारखं वाटतच नाही. मी गल्लीत वळलो की भांडी घासणाऱ्या बाईचा हात थांबायचा, दाढी करणारा अर्ध्या फेसानिशी दारात यायचा. नाव कानावर पडेपर्यंत सगळे श्वास धरून उभे. आपल्यातलं तर कोणी नाही ना? नाव परक्या घरचं निघालं की हात पुन्हा भांड्यावर चालू लागायचा. ती भीती मी रोज समोरून पाहिली आहे. माझ्या तोंडातून पुढे काय निघतं याला गाव भितं, याचा मला तरुणपणी थोडा अभिमानसुद्धा होता.

तेव्हा माझ्याकडे ऑटो नव्हता. तीनचाकी सायकलरिक्षा होती. ती नामदेव चालवायचा. मी मागे, मांडीवर आवाजाचं मशीन, पायाशी बॅटरी, हातात माइक. एक भोंगा पुढे तोंड करून, एक मागे. नामदेव माझ्याच वयाचा, माझ्याच पुऱ्यातला. बोलायला फटकळ, पण सबंध गावाचा आवाज त्याच्या पायांत होता. कुठे थांबायचं ते मी त्याला कधी सांगितलं नाही. भोंग्यातून निघालेला आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो. तो परत यायच्या आत दुसरा शब्द बोललात तर लोकांना नुसती घरघर ऐकू येते. म्हणून आमच्यात सावकाश बोलायचं, नाव दोनदा घ्यायचं आणि जागा पाहून थांबायचं. नामदेव मान मागे वळवायचा. “इथी नको बोलू. इथी आवाज फिरते.” आणि अजून चार पायडल मारून मग थांबायचा.

आवाज सगळ्यात जास्त फिरायचा तो आमच्याच पुऱ्यात, बारवेपाशी. आमच्या मोहल्ल्याला बारवपुरा म्हणतात ते त्या बारवेमुळेच. मधोमध दगडी पायऱ्यांची जुनी विहीर, आणि तिच्यापासून निघालेल्या गल्ल्या. भाजी पिकवणारी घरं जास्त. पहाटे बायका मेथीच्या, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या टोपल्या घेऊन बाजाराला निघायच्या. बाकी सुतार, दोन शिंपी, एक पिठाची गिरणी. घराला कुलूप लावायची पद्धत नव्हती. आणि बाहेरची माणसं किती यायची! नंदीबैलवाले, कल्हईवाले, जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाया. त्यांना पुरा नावानं ओळखायचा. कल्हईवाला बारवेच्या कट्ट्यावर भाता लावायचा आणि दुपारी कोणाच्याही घरून त्याला भाकरी जायची. आमची पोरं त्यांच्या मागे मागे गावाच्या टोकापर्यंत जायची. पोरं गेली कुठे, असं कोणी विचारत नव्हतं.

आता गमतीची एक सांगतो, कारण पुढचं कळायला ती लागेल.

धंद्यात मी नवा होतो. पुऱ्यात लक्ष्मण मास्तर नावाचे दोघे राहायचे, दोघेही निवृत्त. एके सकाळी कोणाचा तरी भाचा धापा टाकत आला. “लक्ष्मण मास्तर गेले, लवकर भोंगा फिरवा.” मी माइक हातात घेतला. नामदेव म्हणाला, “घरी जाऊन येऊ बे आधी.” मी म्हटलं, मेलेल्या माणसाला काय भेटायचं? फिरवला भोंगा. थोड्या वेळानं लोक हार-नारळ घेऊन वरच्या गल्लीतल्या मास्तरांच्या दारी. मास्तर ओट्यावर दाढी करत बसलेले. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं, वस्तरा पुसला आणि मला हाक मारली.

“काऊन रे शंकर, मयत किती वाजता निघून राह्यली? मले तयार व्हा लागन.”

सगळा पुरा हसला. मास्तरांच्या बायकोला मात्र आतल्या खोलीत भोवळ आली होती. भोंग्यात नवऱ्याचं नाव ऐकून ती खाली बसली ती तासभर उठली नाही. नवरा समोर उभा राहून “अवो, मी हाये ना” म्हणत होता, तरी ती पुन्हा पुन्हा त्याचा हात चाचपून पाहत होती. ते पाहिल्यावर नामदेवनं मला एकच सांगितलं, “आधी दार पाह्यचं, मंग भोंगा.” त्यानंतर आमचा तसा नेमच झाला. मयत असो, हरवलेलं पोर असो, आधी त्या घरी जायचं, घरच्या माणसाच्या तोंडून ऐकायचं, तेव्हाच नामदेव पायडलवर पाय ठेवायचा. एकदा एक गृहस्थ भावाचं नाव घेऊन भोंग्यातून चोर म्हणा, असं सांगायला आले. नामदेव रिक्षावरून उतरून सरळ चहाला निघून गेला. परत आल्यावर म्हणाला, “तोंडानं शिवी देल्ली तं चार लोकं ऐकतात. भोंग्यानं देल्ली तं गाव ऐकते. गावाच्या कानातून ते कोन काढन?”

हरवलेल्या पोरांचं काम त्याच्या आवडीचं. त्याचीही आमची एक ठरलेली बांधणी होती. पोराचं नाव, वय, कपड्यांचा रंग, आणि “दिसल्यास या या घरी आणून सोडावे.” वर्णन करायचं ते फक्त हरवलेल्याचं. दुसऱ्या कोणाबद्दल अक्षर बोलायचं नाही. पोरं बहुतेक करून स्टँडवर झोपलेली सापडायची, नाही तर मामाच्या घरी.

पुढे एका निवडणुकीत, मी घाई करायला लावली म्हणून, नाल्याच्या उतारावर रिक्षा उलटली आणि नामदेवचा डावा पाय चाकाखाली आला. हाड वेडंवाकडं जुळलं. तो पाय ओढत चालू लागला. मी ऑटो घेतला, त्यात माणूस एकच लागतो. नामदेवची लेक जळगाव जामोदला दिली होती, तो तिच्याकडे राहायला गेला. जाताना मशीनवर हात फिरवून म्हणाला, “बारवेपाशी सावकाश बोलजो.” मग वर्षं गेली. माझा नंबर बदलला, तो मोबाइल बाळगत नव्हता, आणि आमचं बोलणं तुटलं.

पुराही बदलला. भाजीवाल्यांनी जागा विकल्या. बारवेला लोखंडी जाळी बसली, उतरायच्या बाजूला तेवढी उघडी. माझं टिनाचं घर पाडून मुलानं दोन मजली बांधलं, खाली दुकानाचे गाळे. आजूबाजूला भाड्याच्या खोल्या झाल्या. भरतीची तयारी करणारी मुलं, बदलीवरचे नोकरदार. वरच्या मजल्यावर कोण राहतं हे खालच्याला माहीत नाही.

आणि मग ती दिवाळी आली. मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरू लागले. ‘टोळी आपल्या तालुक्यात आली आहे.’ कुठल्या तरी परमुलखातले फोटो, खाली आपल्याकडच्या गावांची नावं. पहिल्यांदा लोक हसले. मग कोणी तरी सांगितलं, डोणगावकडे एक पोर थोडक्यात वाचलं. कोणाचं पोर, कोणी पाहिलं, कोणाला माहीत नव्हतं, पण त्या दिवसापासून दिवसाउजेडी दारं लागू लागली. नंदीबैलवाला आला तर त्याला कोपऱ्यावरून परत पाठवलं. बायका नळावर पाणी भरताना पोरांना पदराला धरून उभ्या. बारवेच्या कट्ट्यावर दिवसभर पोरं असायची, तो कट्टा ओस पडला. मी सकाळी साड्यांचा सेल अलाउन्स करायला निघालो तर लोक दचकून दारात यायचे. मी काय सांगतो याची वाट पाहत उभे. त्यांचे चेहरे मयताच्या वेळचे होते, आणि मी साड्यांचे रंग सांगत होतो.

किराणा दुकानदार बबन मला दोनदा म्हणाला, “काका, भोंग्यात सांगून टाका ना, अनोळखी माणूस दिसला का धरा म्हनून.” मी टाळलं. म्हटलं, कोणाच्या दारचं ऐकून सांगू? हे मी माझ्या बाजूनं लिहीत नाही. नियम मला माहीत होता, एवढंच सांगायचं आहे.

माझी नात गौरी सुट्टीला आमच्याकडे होती. मुलगा-सून पुण्याला. तिला सोडून जाताना सून दोनदा मागे वळली होती. “बाबा, मेसेज वाचले ना तुम्ही? तिला एकटी सोडू नका.” मी हसून म्हटलं होतं, “हा माझा पुरा आहे.”

त्या संध्याकाळी दिवे लागायची वेळ झाली आणि गौरी घरात नव्हती. बायको म्हणाली, “शोभाच्या दारात खेळत होती आत्ता.” मी खाली आलो. शोभाबाई आमच्या शेजारच्या. त्यांचं दार बंद, हाक मारली तर ओ नाही. गल्लीत एकही पोर नाही. एवढी शांत गल्ली मी कधी पाहिली नव्हती. बारवेपर्यंत गेलो. जाळीला धरून खाली पाहिलं. काळं पाणी.

तेवढ्यात बबन दुकानातून धावत आला. “काका, एक बुढा फिरून राह्यला पुऱ्यात. पोट्ट्याईले बिस्किटं वाटत होता. घरं विचारून राह्यला. थैली हाये त्याच्यापाशी.”

“गौरीला दिलं?”

“तिलेच देल्लं ना! म्या माह्या डोयानं पाह्यलं. मंग गिऱ्हाईक आलं, मी आत गेलो, बाहेर येऊन पाह्यतो तं ना बुढा, ना पोट्टी.”

“कसा आहे?”

“डोक्याले हिरवा गमछा. डावा पाय ओढत चालते.”

हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. हिरवा गमछा नामदेव तरुणपणापासून बांधायचा. डावा पाय माझ्या घाईपायी गेलेला. जगात मी सोडून आणखी कोणी तो पाय ओळखला नसता तरी चाललं असतं. मला काहीही आठवलं नाही. मुलाला फोनवर काय सांगायचं, एवढाच विचार डोक्यात घणासारखा पडत होता. धावत घरी आलो, ऑटो दारात उभाच होता. शोभाबाईंचं दार मी फोडून काढायला हवं होतं, आणखी दहा दारं वाजवायला हवी होती. मी मशीन चालू केलं.

काय बोललो ते शब्द न शब्द लिहितो, कारण त्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

“सावधान, सावधान. बारवपुऱ्यातून गौरी नावाची मुलगी नाहीशी झाली आहे. पोरं पळवणारा माणूस पुऱ्यात फिरतो आहे. म्हातारा आहे, डोक्याला हिरवा गमछा, हातात थैली, डावा पाय ओढत चालतो. दिसला तर धरा. धरून ठेवा. सोडू नका.”

पोरीच्या कपड्यांचा रंग मी सांगितलाच नाही. जन्मभराची बांधणी विसरलो. हरवलेलीला एक वाक्य, आणि बाकी सगळं त्या माणसाबद्दल. आवाज मात्र नेहमीसारखाच लागला, सावकाश, स्पष्ट, प्रत्येक शब्दानंतर थांबून. या आवाजानं कधी खोटं सांगितलं नव्हतं, लक्ष्मण मास्तर सोडले तर. पुऱ्यानं तो ऐकला आणि दारं उघडली. मुलं काठ्या घेऊन पळताना दिसली. शोभाबाईंचा सागर सगळ्यात पुढे. सैन्यात जायचं म्हणून तो रोज पहाटे धावायचा, त्याच्या पायाला कोण गाठणार? माझ्याकडे हात करून ओरडला, “काका, घाबरू नका, सोडत नाई त्याले!” मला धीर आला. हो, धीर आला. मी पुन्हा तेच बोललो, आणि बारवेला वळसा घालून पुन्हा.

खिशात मोबाइल वाजत होता म्हणे. भोंग्याच्या आवाजात मला तो कळला नाही. मग बायकोच ऑटोसमोर येऊन उभी राहिली. अनवाणी, कडेवर गौरी. शोभाबाईंनी म्हातारा फिरतो आहे हे ऐकताच गल्लीतली सगळी पोरं घरात ओढून, कडी लावून, मागच्या खोलीत टीव्हीसमोर बसवली होती. कोणी हाक मारली तरी दार उघडायचं नाही, असं त्यांना बजावलं होतं. माझी हाकसुद्धा त्यांनी भीतीपोटी चोराचीच समजली. भोंग्यात गौरीचं नाव ऐकल्यावर त्या बाहेर आल्या.

मी मशीन बंद केलं. भोंगा थांबल्यावरच मला बारवेच्या पलीकडचा आवाज ऐकू आला. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. माणसाच्या ओरडण्याचा आवाज त्यात नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली.

मी पोचलो तेव्हा तो बारवेच्या वरच्या पायरीवर पडला होता. गमछा गळ्याशी. थैली फाटून संत्री पायऱ्यांवर सांडली होती, एक अजून खाली घरंगळत होतं. आधी मी पाय पाहिला. मग चेहरा पाहायची हिंमत झाली नाही. पण त्यानं एक डोळा उघडला, मला पाहिलं आणि म्हणाला,

“आला का तू?”

मी “अरे, हा नामदेव आहे, आपला नामदेव,” असं ओरडलो म्हणतात. मला आठवत नाही. भोंग्याशिवाय माझा आवाज फार लांब जात नाही. सागर काठी धरून तसाच उभा होता. त्यानं नामदेवला कधी पाहिलेलंच नव्हतं. जमलेल्यांपैकी कोणीच पाहिलेलं नव्हतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी याच पायऱ्यांवर त्या पुऱ्यातल्या कुत्र्यांनीसुद्धा नामदेवला ओळखलं असतं.

त्याला बुलढाण्याला नेलं. तो वाचला. पोलीस आले. सगळ्यांना विचारलं, भोंग्यात काय सांगितलं होतं? मी म्हणालो, “मुलगी हरवली एवढंच सांगितलं. धरा वगैरे मी म्हणालो नाही.” बबन म्हणाला, काका तसं म्हणाले नाहीत. पुरा म्हणाला, नाहीत. ते काही माझ्यावरच्या प्रेमानं म्हणाले नसावेत; ‘धरा’ ऐकलं म्हटलं, तर धरायला आपणही धावलो हे कबूल करावं लागलं असतं. पण त्यांचं म्हणणं मी घेतलं आणि त्यात लपलो. कोणी तरी मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत सागरचा चेहरा स्वच्छ दिसतो. माझा आवाजही आहे त्यात, पण बारवेपाशी आवाज फिरतो, शब्द कळत नाहीत. नामदेवनं आपल्या जबाबात सांगितलं, भोंग्यात काय चाललं होतं ते मला समजलं नाही.

सागर आत गेला. जामिनावर सुटला, पण गुन्हा नावावर लागला आणि भरती संपली. आता तो टेम्पो चालवतो. एकदा आमच्या जिन्याच्या तोंडाशी आम्ही समोरासमोर आलो. तो बाजूला झाला, मला जागा दिली आणि हळूच म्हणाला, “काका, तुमी धरा म्हटलं म्हून धरलं होतं.” आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी “गुडघा फार दुखतो रे” असं काही तरी बोलून वर निघून गेलो. शोभाबाई अजून संक्रांतीला तिळगूळ घेऊन येतात. त्या घरात असेपर्यंत मला घाम फुटलेला असतो. हा अंक त्यांच्याही घरी जाईल. सागर, तू खरं सांगत होतास. मी ‘धरा’ म्हणालो होतो. ज्या कोणाला विचारायचं असेल त्यानं मला येऊन विचारावं, आता मी तेच सांगेन.

ऑटो मी त्या महिन्यातच विकला. भोंगे माळ्यावर आहेत. पावसाळ्यात वारं आत शिरलं की त्यातून हुंकार येतो, तेव्हा मी उठून बसतो.

नामदेव आता नाही. त्याच्या लेकीचा, लताचा फोन आला तेव्हा सगळं उरकलं होतं. पण तो असताना मी एकदा गेलो होतो. जायला फार उशीर केला. जळगाव जामोदची एसटी पकडायची आणि खामगावला उतरून परत फिरायचं, असं दोनदा केलं. तिसऱ्यांदा पोचलो. बसमध्ये वाक्य घोकत होतो. माइकवरची मोठमोठी वाक्यं मी कधी घोकली नाहीत, हे दोन ओळींचं बसेना.

नामदेव दारातच बाजेवर बसला होता. मला पाहून त्याचा चेहरा उजळला. लतानं पाणी आणलं, पाठोपाठ चहा. तिला काही माहीत नव्हतं, एवढं तिच्या हसण्यावरूनच कळलं.

“काका, जोरानं बोला हं. मार लागला तवापासून बाबाले ऐकू येत नाई.”

मी म्हणालो, “नामदेव, कसा आहेस?”

“आँ?”

“कसा आहेस?”

“जोरानं बोल ना बे! साऱ्या चिखलीले ऐकू जाये तुयं, अन् मले काऊन नाई ऐकू येऊन राह्यलं?” आणि तो आपल्याच बोलण्यावर हसत बसला. शेजारच्या दोन बाया कोण पाहुणा आला म्हणून दारात येऊन उभ्या राहिल्या. लताची पोरं उंबऱ्यावर. नामदेव त्यांना सांगू लागला, “हाच थो. भोंगेवाला. याच्या मांगंपुढं म्या सारं गाव पालथं घातलं.”

मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, म्हणाला, “तुयं घरच सापडे ना मले त्या दिवशी. सारा पुरा नवा. एका पोट्टीले बिस्किट देल्लं, म्हटलं शंकरचं घर दाखव. ते लाजून पयाली. मंग तुया भोंगा ऐकू आला. म्हटलं चला, घर नाई तं भोंगा तरी सापडला. आवाजाच्या मांगं मांगं तुयाच कडं येऊन राह्यलो होतो मी.”

मी चहाच्या कपाकडे पाहत होतो.

“पोट्टी सापडली होती ना?” त्यानं विचारलं.

मी मान हलवली.

“मंग झालं. बोलत काय होता तू, ते काई समजलं नाई मले. बारवेपाशी आवाज फिरते.”

कुठे आवाज फिरतो आणि कुठे सरळ जातो, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तो चालत होता त्या गल्लीत शब्द सरळ जातात. रिक्षा थांबवायची ती जागा त्यानंच शोधून काढली होती. त्याला खरंच समजलं नव्हतं, की तो मला सोडवत होता? त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मी उठून बाजेवर त्याच्याजवळ बसलो, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि घोकलेलं वाक्य हळू आवाजात म्हणालो.

“आँ? काय म्हन्तो?”

आणखी थोडं मोठ्यानं म्हणायला गेलो. लता काम थांबवून पाहत होती. बाया पाहत होत्या. पोरं पाहत होती. तो कान पुढे करून, डोळे बारीक करून वाट पाहत होता. हे वाक्य त्याला ऐकू जायचं तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाणार होतं. छातीत श्वास भरून घेतला. माइक हातात असताना भरायचो तेवढा.

“चहा चांगला झाला!” मी ओरडलो.

“हाव,” तो खूश होऊन म्हणाला. “लताच्या हातचा हाये.”

नामदेव, भोंग्यात मी ‘धरा’ म्हणालो होतो. दार न पाहता म्हणालो, तुझा पाय सांगून म्हणालो, आणि पोलिसांना ‘म्हणालो नाही’ असं सांगितलं. मला माफ कर.